चालताना घालायचं की थांबल्यावर? जॅकेटबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी थंडीतल्या चढाईच्या तयारीवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की डोंगरात माणूस थंडीने कमी आणि स्वतःच्या घामाने जास्त गारठतो. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं जॅकेटांनाच देऊन टाकतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींनी तीन तीन पानं लिहिली होती ती कापलीत, रागावू नका.

प्रश्न : मी दर हिवाळ्यात डोंगर चढायला जातो, बर्फ असला तरी. माझ्याकडे पिसांचं म्हणजे डाऊनचं जाडजूड जॅकेट आहे. चढायला लागलो की पंधरा मिनिटांत आतून चिंब, काढलं की वाऱ्याने काकडतो, परत घातलं की परत घाम. दिवसभर नुसती काढ-घाल. दुकानात विचारलं तर म्हणाले याच्यापेक्षा भारी, अजून गरम घ्या. मित्र म्हणतो सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम भरावाचं घे. नक्की काय करू?

उत्तर : दादा, दुकानदाराचं ऐकू नका. तुमचं जॅकेट कमी गरम नाहीये, ते जास्तच गरम आहे, आणि मुख्य म्हणजे नको त्या वेळी अंगावर आहे.

साधा हिशोब बघा. आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. पाठीवर सॅक घेऊन दमवणारा चढ लागला की हाच आकडा ५०० च्या पुढे जातो. म्हणजे एकाच्या जागी पाच माणसं एका जॅकेटात कोंबल्यासारखं झालं. बसल्यावर जे बरोब्बर वाटतं ते चढताना भट्टी होणारच, मग शरीर घाम काढून काढून स्वतःला थंड करायला बघतं, तो घाम कापडात अडकतो, आणि तुम्ही वर पोचून फोटो काढायला थांबलात की पाचातले चार बल्ब विझतात आणि अंगाला चिकटून राहतो ओला कपडा. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता ओढतं, शिवाय घाम वाळताना उष्णता घेऊन जातो ती वेगळीच.

मी हे गाढवपण स्वतः केलंय. पहिल्या हिवाळी चढाईला घरातलं सगळ्यात जाड जॅकेट चढवून निघालो, अडीच तास चेनसुद्धा उघडली नाही कारण उघडली की वारा आत शिरायचा, आणि खिंडीत पोचून बसलो तर दहा मिनिटांत दात वाजायला लागले. थर्मासचं झाकण उघडता येईना. सोबतच्या मैत्रिणीच्या अंगावर माझ्या निम्म्याने पातळ काहीतरी होतं आणि ती निवांत खात बसली होती. शेवटी झाकण तिनेच उघडून दिलं.

आता डाऊन की सिंथेटिक. डाऊन वाईट अजिबात नाही. वजनाच्या मानाने तेवढी ऊब कृत्रिम भरावाला अजून जमलेली नाही, आणि नीट सांभाळलं तर ते टिकतंही जास्त. पण ऊब पिसात नसते, पिसांत अडकलेल्या हवेत असते, आणि पिसं भिजली की त्यांचा गोळा होतो, हवा जाते, संपलं. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे भिजला तरी बऱ्यापैकी ताठ राहतो आणि लवकर वाळतो. अमेरिकन सैन्याला भिजल्यावरही चालेल असा पिसांना पर्याय हवा होता, त्यातूनच १९८० च्या दशकात प्रायमालॉफ्ट नावाचा कृत्रिम भराव तयार झाला. तरी लेबलवर 'ओलं झालं तरी गरम' लिहिलेलं असतं ते अर्धंच खरं धरा. ओलं सिंथेटिक कोरड्या सिंथेटिकपेक्षा थंडच असतं, फक्त ओल्या डाऊनसारखं पार हात वर करत नाही.

पण नुसतं सिंथेटिक आहे म्हणून तुमची काढ-घाल थांबणार नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. आधीच्या पद्धतीच्या सिंथेटिक जॅकेटात भरावाचे बारीक तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी घट्ट विणीचं कापड लावायला लागतं. त्यातून वारा आत येत नाही, तशी वाफही धड बाहेर जात नाही. म्हणजे डाऊन जाऊन तिथे दुसरी भट्टी आली. तुम्हाला हवाय तो प्रकार 'अॅक्टिव्ह इन्सुलेशन' या नावाने मिळतो. याचीही गोष्ट सैन्यातलीच. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसना असं काहीतरी हवं होतं की पळताना काढायला लागू नये आणि थांबल्यावर पुन्हा घालायला लागू नये. त्यासाठी पोलारटेक कंपनीने अल्फा नावाचा भराव काढला आणि तो २०१२ च्या सुमारास आपल्यासारख्यांच्या जॅकेटात आला. त्यातली खुबी अशी की भराव स्वतःच जाळीसारखा विणलेला असतो, तंतू सुटत नाहीत, म्हणून बाहेरचं आणि आतलं कापड मोकळ्या विणीचं वापरता येतं. २०१४ मध्ये पॅटागोनिया कंपनीने नॅनो-एअर नावाचं जॅकेट आणलं, तेही याच वाटेचं आणि वर ताणलं जाणारं, मग हळूहळू सगळ्याच कंपन्या मागे लागल्या.

तेव्हा डाऊन विकू नका. ते सॅकमध्ये अगदी वर ठेवा, थांबल्या थांबल्या बाकी सगळ्यावरून चढवा, निघताना परत आत. चालताना अंगावर पातळ आणि हवा खेळू देणारं सिंथेटिक. ही दोन कामं एका जॅकेटाकडून करून घ्यायला जाल तर ते एकही धड करणार नाही.

प्रश्न : लेबलवर ४०, ६०, १०० ग्रॅम असे आकडे असतात. जास्त ग्रॅम म्हणजे जास्त चांगलं ना? आणि माझ्या एका जॅकेटात अंगाला ६० आणि बाह्यांना ४० लिहिलंय, हे काय पैसे वाचवायला केलंय का?

उत्तर : हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर भरावाचं वजन. अख्ख्या जॅकेटचं वजन नाही, खूप जण तसं समजतात. जास्त आकडा म्हणजे जास्त जाड भराव, म्हणून जास्त ऊब, इथवर तुमचं बरोबर आहे. चांगलं की वाईट ते तुम्ही त्यात काय करणार त्यावर.

माझा अंदाज सांगतो, हा नियम नाही. थंडीत पळायचं असेल किंवा सपाटीवरून जोरात स्की करायचं असेल तर ४० च्या आसपास, किंवा त्याहून कमीही. चढ-उतार, मधेमधे थांबणं, सॅक मध्यम, असा नेहमीचा दिवस असेल तर ६०. ८० ते १०० म्हणजे हळू चालणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांना मुळातच थंडी फार वाजते त्यांच्यासाठी. त्याच्याही वर गेलात तर ते चालायचं जॅकेट राहत नाही, ते जोडीदाराला बिले देत, म्हणजे तो चढत असताना खालून त्याचा दोर सांभाळत, तासभर एका जागी उभं राहायचं जॅकेट झालं.

दोन वेगवेगळ्या भरावांचे ६० ग्रॅम सारखेच गरम असतात असं मात्र नाही. तंतू किती बारीक आहेत, हवा किती धरतात, त्यावर फरक पडतो. ऊब मोजायचं खरं माप वेगळंच आहे, त्याला 'क्लो' म्हणतात, १९४१ मध्ये ठरवलेलं. २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा वाटेल इतके कपडे म्हणजे १ क्लो. मला हे माप फार आवडतं, कारण त्याच्या व्याख्येतच माणूस 'बसलेला' आहे. तुम्ही चढायला लागलात की अर्ध्या क्लोतही घामाघूम होता.

बाह्यांचं म्हणाल तर तिथे कंजूषपणा नाहीये. हात सतत हलतात, काठ्या मारतात, तिथे जाड भराव अडचणच करतो, आणि छाती-पोट गरम असलं की हातांकडे रक्त जातंच. काही जॅकेटांत बगलेपासून खाली कुशीवर भराव नसतोच, पातळ, ताणलं जाणारं फ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड असतं. घाम तिथेच जास्त, आणि सॅकचा पट्टाही तिथेच घासतो. मला विचाराल तर हवा खेळू देणारं जॅकेट ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

प्रश्न : नवीन 'अॅक्टिव्ह' जॅकेट घेतलं, हौसेने घालून बाल्कनीत उभा राहिलो तर वारा चक्क आरपार! इतके पैसे घालून वारा आत येणारं जॅकेट? परत करू का?

उत्तर : परत करू नका, तुम्हाला बरोबर वस्तू मिळालीये. बाल्कनीत उभं राहून ती तपासायची नसते एवढंच. हेच जॅकेट घालून जिने चार वेळा वर-खाली करा आणि मग परत बाल्कनीत या.

कापडातून किती हवा जाते याचं एक माप असतं, सीएफएम. ठराविक दाबाखाली एका चौरस फूट कापडातून मिनिटाला किती घनफूट हवा गेली ते. १ च्या आसपास असेल तर वारा जवळजवळ बंद, ५ ते १० म्हणजे मधलं, आणि ३०-४० म्हणजे तुम्हाला आला तो अनुभव. सगळे लेबलवर लिहीत नाहीत, म्हणून घरगुती उपाय सांगतो. कापड ओठांवर घट्ट धरून फुंका. फुंकर सहज पलीकडे गेली तर चढायला चांगलं, गाल फुगले आणि हवा अडली तर थांबायला चांगलं. दुकानात लोक विचित्र बघतात, बघू देत.

पण वारा ही थट्टा नाही हेही खरं. तापमान शून्य आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे ६-७ सारखं लागतं, आणि उणे १० असेल तर उणे २० सारखं. म्हणून अशा जॅकेटबरोबर सॅकच्या वरच्या खिशात एक पातळ विंडचीटर हवाच, मुठीत मावणारा, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. झाडीत चढताना तो खिशात. उघड्या धारेवर आलात की जॅकेटवरून चढवायचा, आणि त्याच जॅकेटची ऊब एकदम दुप्पट झाल्यासारखी वाटते कारण आतली हवा आता जागची हलत नाही. मला हे कॉम्बिनेशन एका जाड वाराबंद जॅकेटपेक्षा कधीही जास्त पसंत आहे.

प्रश्न : वॉटरप्रूफ आणि आतून भराव असलेलं असं टू-इन-वन घेतलं तर सगळा प्रश्नच मिटेल ना?

उत्तर : शहरात मिटेल. बस स्टॉपवर, कुत्र्याला फिरवताना, झकास. चढताना नाही. वॉटरप्रूफ पडदा कितीही 'ब्रीदेबल' म्हणवून घेवो, तुमचा चढावरचा घाम त्याच्या आवाक्यातला नसतो. त्यात पाऊस थांबला तरी ऊब काढता येत नाही आणि ऊब नको झाली तरी पावसाचं कवच काढता येत नाही. रेनशेल वेगळं ठेवा आणि ते पाऊस किंवा ओला बर्फ असेल तेव्हाच बाहेर काढा. कोरडा भुरभुरीत बर्फ झटकला तरी जातो.

साध्या जॅकेटच्या कापडातही पाणी मुरू नये म्हणून एक लेप दिलेला असतो. तो आधी फ्लोरिनवाल्या रसायनांचा असायचा, ज्यांना पीएफएएस म्हणतात. ती निसर्गात मोडून नाहीशी होत नाहीत म्हणून आता मागे पडतायत, कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांना बंदीच आहे. नवीन लेप पाणी चांगलं अडवतो पण तेलकटपणापुढे नमतो. म्हणजे मानेजवळ, मनगटाजवळ कातडीचं तेल लागलं की तिथे आधी पाणी मुरायला लागतं. उपाय काय, तर जॅकेट धुवा. धुतल्याने खराब होईल म्हणून लोक दोन-दोन वर्षं तसंच घालतात ते उलट चुकतं.

प्रश्न : मापाचं कळत नाही. माझ्या मापाचं घेतलं तर हात वर केल्यावर पोट उघडं पडतं, एक माप मोठं घेतलं तर आत वारा भरतो. हूड हवा का? मी कड्यांवर चढते, कमरेला दोर अडकवायचा पट्टा म्हणजे हार्नेस असतो.

उत्तर : ताई, आधी हे ठरवा की त्याच्या आत काय असणार. चालायच्या जॅकेटच्या आत फक्त एक पातळ बेस लेयर, म्हणजे अंगालगतचा कपडा असतो, त्यामुळे ते अंगाबरोबर हवं, सैल नको. अंग आणि कापड यांच्यामध्ये मोठी पोकळी राहिली की घामाची वाफ कापडापर्यंत पोचायच्या आधीच गार होऊन पाणी होते. दुकानात दोन्ही हात वर करा, मग समोर मिठी मारल्यासारखे आणा. पोट उघडं पडलं किंवा पाठीत ओढलं तर चूक मापाची नाही, त्याचा कट तुमच्यासाठी नाहीये, दुसऱ्या कंपनीचं बघा. ताणाचं कापड असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

थांबायचं जॅकेट मात्र मुद्दाम मोठं घ्या, ते सगळ्यावरून जायचंय, आणि त्याचा हूड हेल्मेटवरून बसला पाहिजे. चालायच्या जॅकेटचा हूड उलटा, हेल्मेटच्या आत जाईल असा टाईट. हूड हवाच असं माझं मत, कारण तो वर-खाली करणं म्हणजे चेन न उघडता ऊब कमी-जास्त करायचं बटण आहे. खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर असावेत. आणि थांबायच्या जॅकेटला खालूनही उघडणारी दुहेरी चेन असली तर बिले देताना दोराची गाठ डोळ्यासमोर राहते, हे तुम्हाला सांगायला नकोच.

प्रश्न : तीन हिवाळ्यांत माझं सिंथेटिक जॅकेट पातळ झालं, सुरुवातीची ऊब राहिली नाही. फसवणूक झाली का?

उत्तर : फसवणूक नाही, सिंथेटिकचा हा जुना दोष आहे. तंतू दाबले जाऊन जाऊन मोडतात आणि पुन्हा फुगत नाहीत. पण तीन वर्षांत इतकं झालं म्हणजे ते घरी पिशवीत कोंबून ठेवलेलं असणार, बरोबर ना? प्रवासात कोंबा, घरी आलं की बाहेर काढून हँगरला टांगा. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पाणी झटकायचा गुण जातो. थंड किंवा कोमट पाणी, हलकी सायकल, आणि लेबलवर चालतं म्हटलं असेल तर ड्रायर कमी उष्णतेवर, त्याने लेपही थोडा जागा होतो. इस्त्रीचा विचारही करू नका.

आणि शेकोटी! पॉलिएस्टर, नायलॉन दोन्ही वितळतात. एक ठिणगी आणि भोक. त्यातून १० डेनियरचं कापड असेल, म्हणजे ज्याचा ९००० मीटर धागा जेमतेम १० ग्रॅम भरतो, तर काट्याकुट्यातही फाटतं. झुडपांतून फिरणाऱ्यांनी २०-३० डेनियर बघावं. भोक पडलंच तर चिकटपट्टीचा गोल तुकडा लावा, कोपरे गोल कापा म्हणजे निघत नाही. माझ्या जॅकेटवर असे सात तुकडे आहेत.

प्रश्न : हे सगळं वाचून वाटतं नवीन जॅकेटशिवाय थंडीत जाऊच नये. साधं फ्लीस चालत नाही का?

उत्तर : चालतं की! पातळ फ्लीस आणि वर विंडचीटर, यावर लोकांनी अनेक वर्षं डोंगर चढलेत आणि अजूनही चढतात. फ्लीस वाऱ्याला अडवत नाही पण घाम झकास बाहेर सोडतं, आणि वर्षानुवर्षं मरत नाही. अॅक्टिव्ह जॅकेट त्याच ऊबेला थोडं हलकं असतं, थोडा वारा अडवतं, कमी जागेत मावतं. एवढाच फरक. तुमच्याकडे फ्लीस आणि विंडचीटर दोन्ही असतील तर नवीन काही घेऊ नका. घेतलंच तर आधी थांबायचं जाड जॅकेट घ्या, कारण ते नसताना पाय मुरगळून दोन तास बसून राहायची वेळ आली तर फ्लीस पुरणार नाही.

प्रश्न : आमचे लीडर निघताना सगळ्यांना जॅकेट काढायला लावतात. मला तेव्हा हुडहुडी भरलेली असते. ऐकायचं का?

उत्तर : ऐका. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, तेच बरोबर. दहा मिनिटांत अंग तापतं. गरम गरम निघालात तर त्याच दहा मिनिटांनी सगळा ग्रुप थांबवून जॅकेट काढायला लागेल, तोवर बेस लेयर ओला झालेला असेल. चढ जास्त असेल तर वेग कमी करणं हाही घाम आवरायचाच उपाय आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पण दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, आणि अंग तापायचं नावच नाही, बोटं चालत नाहीत, बोलताना शब्द अडखळतायत, असं असेल तर तो थंड सुरुवातीचा भाग नाही. तिथेच थांबा, ओलं असेल ते बदला, असेल ते सगळं अंगावर चढवा, काहीतरी गोड खा, आणि लीडरला स्पष्ट सांगा. लाजू नका. माझं थर्मासचं झाकण उघडत नव्हतं तेव्हा मीही कोणाला सांगितलं नव्हतं, मैत्रिणीच्याच लक्षात आलं.